नौकेवरील विजेचा जमाखर्च

घरात भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागतो. ही वीज कोठून आली, आज किती खर्च झाली, उद्या शिल्लक राहील की नाही, असले प्रश्न त्या वेळी कोणाच्याही मनात येत नाहीत. कोठे पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयनेच्या पाण्यावर जनित्रे फिरत असतात, कोठे कोळशाच्या भट्ट्या धगधगत असतात, आणि तेथून निघालेली तार दऱ्याखोरी ओलांडून आपल्या घरापर्यंत येऊन पोचलेली असते. त्या तारेच्या भरवशावर आपण निश्चिंत असतो.

धक्क्याला बांधलेली शिडाची लहान नौकासुद्धा जोवर तेथे उभी आहे तोवर किनाऱ्यावरची वीज घेऊ शकते. परंतु धक्क्याचा दोर सुटला की ही तारही सुटते. पुढे समुद्रावर जी काही वीज लागेल ती त्या नौकेनेच निर्माण करावयाची, तिनेच साठवावयाची आणि तिनेच पुरवून वापरावयाची. दहा मीटर लांबीच्या नौकेवर हा सारा संसार पाण्याच्या लहान पिंपाएवढ्या जागेत मांडलेला असतो.

शिडाची नौका तर वाऱ्यावर चालते. मग तिला वीज हवी कशाला, असे कोणी विचारील. शिडे फुगविण्यासाठी वीज लागत नाही हे खरे. पण समुद्रावर रात्र पडते. रात्री प्रत्येक नौकेने आपल्या डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि पिछाडीला पांढरा दिवा दाखविला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हा नियम केवळ शिस्तीसाठी केलेला नाही. ताशी वीस सागरी मैल वेगाने येणारे मालवाहू जहाज दहा मैलांचे अंतर अर्ध्या तासात तोडते. लहान नौका त्याच्या वाटेत असेल आणि तिच्यावर दिवा नसेल, तर आपण कोणाला तुडविले हे त्या जहाजावरील लोकांना कदाचित कळणारही नाही. शिवाय एकट्याने प्रवास करणाऱ्या दर्यावर्द्याला झोपही घ्यावीच लागते. तो झोपलेला असता जवळून जाणाऱ्या जहाजांची चाहूल घेऊन घंटा वाजविणारे यंत्र, दुसऱ्यांशी बोलण्यासाठी बिनतारी संदेशयंत्र, आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहोत हे उपग्रहांच्या साह्याने सांगणारे यंत्र, आणि पुष्कळ नौकांवर सुकाणू धरून बसणारे स्वयंचलित यंत्रही, ही सारी विजेवर चालतात. वीज संपली तर नौका बुडत नाही. परंतु ती आंधळी, मुकी आणि बहिरी होते.

अशी मुकी झालेली एक नौका जगप्रसिद्ध आहे आणि तिचे माहेर मुंबई आहे. तिचे नाव 'सुहेली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचे एक तरुण इंग्रज अधिकारी त्या काळी मुंबईकडे येजा करणाऱ्या व्यापारी जहाजांवर नोकरीस होते. त्यांनी मुंबईच्या गोदीत, येथील सुतारांच्या हातून, सागवानी लाकडाची ही बत्तीस फुटी, दोन डोलकाठ्यांची नौका बांधवून घेतली. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधील फालमथ बंदरातून निघाले, आणि कोठेही न थांबता, एकट्याने, पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. वाटेत कोठेही न थांबता एकट्याने केलेली ही जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. ह्या ३१२ दिवसांपैकी बहुतेक दिवस 'सुहेली'चा आवाज बंद होता, कारण दक्षिणेकडील महासागराच्या लाटांनी तिचे प्रक्षेपणयंत्र निकामी करून टाकले होते. न्यूझीलंडचा किनारा सोडल्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ त्यांची काहीच वार्ता जगाला लागली नाही. पुढे एप्रिल १९६९ मध्ये अटलांटिक महासागरात एक तेलवाहू जहाज दिसले, तेव्हा त्यांनी हातातील दिव्याच्या उघडझापीने त्यास आपले नाव कळविले. ते जिवंत असल्याचे जगाला कळले ते एका दिव्यामुळे.

ही सारी यंत्रे ज्या बॅटरीवर अवलंबून असतात तिच्या पोटात काय असते, ते आता पाहू.

१८५९ मध्ये गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पहिली अशी बॅटरी तयार केली, की जी रिती झाल्यावर पुन्हा भरता येते. मोटारगाडीत आणि पुष्कळ नौकांवर अजूनही हीच जात वापरली जाते. तिच्या आत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा हा एक स्वतंत्र विद्युद्घट असून त्याचा दाब सुमारे दोन व्होल्ट असतो; सहा घट एकापुढे एक जोडले की बारा व्होल्ट होतात. प्रत्येक घटात शिशाचे पत्रे आणि शिशाच्या ऑक्साइडचे पत्रे आळीपाळीने मांडलेले असून त्यांच्या भोवती पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. बॅटरीतून वीज घेऊ लागले की आम्लातील अंश पत्र्यांवर जाऊन बसतो. दोन्ही प्रकारच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर धरतो आणि आम्ल पातळ होत जाते. बाहेरून उलट दिशेने वीज सोडली म्हणजे हा थर विरघळून पत्रे पूर्ववत होतात व आम्ल पुन्हा तीव्र होते. बॅटरी भरणे म्हणतात ते हेच. बॅटरीत वीज भरलेली असते असे आपण बोलतो खरे, पण वस्तुतः तेथे साठविलेली असते ती रासायनिक शक्ती.

भरलेल्या बॅटरीतील आम्ल पाण्याच्या सव्वापटीहून थोडे अधिक जड असते; रित्या बॅटरीतील आम्लाचा जडपणा त्यापेक्षा पुष्कळ कमी भरतो. म्हणून काचेच्या नळीत थोडे आम्ल ओढून घेऊन, आतील तरंगता काटा किती वर राहतो हे पाहिले, की बॅटरी किती भरली आहे हे कळते. शांत खोलीत हे काम सोपे आहे. उसळत्या नौकेवर मात्र ते धोक्याचे ठरते. 'सुहेली'वर बॅटरी तपासत असतानाच आम्लाचा शिंतोडा नॉक्स-जॉन्स्टन यांच्या डोळ्यात उडाला. जवळ वैद्य नव्हता. त्यांनी डोळा पाण्याने धुतला आणि औषध घातले. प्रवास सोडून दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे वळावे की काय, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. पण ते पुढेच गेले. पुढे डोळा बरा झाला. हल्ली अनेक बॅटऱ्यांमधील आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले किंवा खळीसारखे घट्ट केलेले असते व वरून झाकण कायमचे बंद असते, त्यामुळे ही भीती बरीच कमी झाली आहे. परंतु अशा बॅटरीत तरंगता काटा घालता येत नाही; तिची प्रकृती केवळ व्होल्टमापकावरून ओळखावी लागते.

व्होल्टमापक वाचण्यातही एक मेख आहे. बॅटरी काही तास स्वस्थ असेल तर १२.७ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी, आणि १२ च्या खाली गेली म्हणजे चिंता करण्यासारखी, असे ढोबळ मानाने समजतात. पण ती भरली जात असताना काटा चौदाच्याही घरात जातो, आणि मोठे यंत्र चालू असताना तो खाली पडतो. भर दुपारी, ऊन लागलेले असताना, मापकाकडे पाहून 'बॅटरी भरली' असे समजणारा नवखा पहाटे अंधारात चाचपडतो. जाणते लोक म्हणूनच सूर्योदयापूर्वी मापक वाचतात आणि तो आकडा नौकेच्या रोजनिशीत टिपून ठेवतात.

आता जमाखर्चाकडे वळू. बॅटरीत किती वीज मावते हे अँपिअर-तासांत मोजतात. एक अँपिअर प्रवाह एक तास घेतला तर एक अँपिअर-तास खर्च झाला. कल्पना करा, की आपल्या दहा मीटर लांब नौकेवर दोनशे अँपिअर-तासांचा साठा आहे. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा नव्या पद्धतीचा, म्हणजे एलईडी असेल, तर रात्रभरात त्याला सुमारे ३ अँपिअर-तास लागतील. बिनतारी संदेशयंत्र दिवसरात्र ऐकत ठेवले तर १०. जवळच्या जहाजांची चाहूल घेणारे यंत्र ७. नकाशा व ठिकाण दाखविणारा पडदा दिवसातून दहा तास लावला तर आणखी १०. आतले दिवे आणि किरकोळ खर्च ३. बेरीज झाली ३३. आता सुकाणू धरणारे विजेचे यंत्र जोडा. सरासरी ३ अँपिअर धरले तरी चोवीस तासांत ते एकटे ७२ अँपिअर-तास खाते; एकूण बेरीज एकदम १०५ वर जाते. साऱ्या घराच्या जेवणापेक्षा एका पाहुण्याचे जेवण दुप्पट व्हावे, तसा हा प्रकार आहे.

दोनशेचा साठा आणि एकशेपाचचा खर्च, म्हणजे दोन दिवस निघतील, असा हिशेब कोणी मांडील. पण तो चुकेल. शिशाच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरावयाची, असा दंडक आहे. ती वारंवार तळापर्यंत उपसली तर पत्र्यांवर बसलेला सल्फेटचा थर पुरता विरघळत नाही. त्याचे कठीण खडे बनतात, आणि तेवढा पत्रा कायमचा निकामी होतो. म्हणजे खर्चाला खरे हाती राहिले शंभर. विजेचे सुकाणू चालविले तर ते एका दिवसात संपतात. न चालविले तर तीन दिवस पुरतात. लहान नौकेवरील विजेचा बहुतेक सारा प्रश्न ह्या एका आकडेवारीत आलेला आहे.

आणि काढलेली वीज परत करताना व्याजही द्यावे लागते. शंभर अँपिअर-तास काढले असतील, तर एकशेदहा ते एकशेपंधरा घालावे तेव्हा खाते पूर्ववत होते.

हे भरणे कोण करील? पहिला उमेदवार म्हणजे नौकेवरचे डिझेल इंजिन. बंदरात शिरताना आणि वारा पडला असताना ते कामी येते, आणि त्याला जोडलेले जनित्र तासाला चाळीस-पन्नास अँपिअर सहज देते. मग दोन-अडीच तास इंजिन चालविले की काम झाले, असे वाटते. परंतु बॅटरीला घाई चालत नाही. निम्म्यापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत ती भराभर वीज स्वीकारते. त्यानंतर तिची भूक मंदावते, आणि जनित्र कितीही मोठे असले तरी ती थोडी थोडीच घेते. अखेरचे वीस टक्के भरण्यास पुष्कळ तास लागतात. तेवढा वेळ इंजिनाची धडधड आणि धूर सोसणे नकोसे वाटते. डिझेलही मोजकेच असते. म्हणून इंजिनावर विसंबणारे लोक ऐंशी टक्क्यांवर काम थांबवितात, आणि उरलेल्या वीस टक्क्यांतील सल्फेट दिवसेंदिवस कठीण होत जाते. दोन-तीन महिन्यांनी त्यांची तक्रार असते, की नवी बॅटरी लवकर म्हातारी झाली. तिला कधी पोटभर मिळालेच नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

येथे सूर्य साह्यास येतो. सोलर पॅनेल म्हणून ओळखली जाणारी काळसर निळी तावदाने आता खेड्यापाड्यांतील घरांवरही दिसतात. शंभर वॅटची दोन तावदाने नौकेवर बसविली, तर आपल्याकडील निरभ्र दिवशी, सारी तूट वजा जाता, पन्नासएक अँपिअर-तास मिळावयास हरकत नाही. म्हणजे विजेचे सुकाणू वगळता सगळा खर्च भागून वर काही शिल्लक राहील. शिवाय सूर्याचे देणे मंद पण दिवसभराचे असते. बॅटरीच्या अखेरच्या वीस टक्क्यांना हवे असते ते नेमके तेच. इंजिनाने घाईने पोट भरावे आणि उन्हाने सावकाश तृप्ती द्यावी, ही वाटणी सर्वांत चांगली.

पण शिडाच्या नौकेवर उन्हाला एक मोठा शत्रू असतो, आणि तो म्हणजे नौकेची स्वतःची सावली. तावदानात लहान लहान सौरघट माळेतील मण्यांप्रमाणे एकापुढे एक जोडलेले असतात. साऱ्यांतून एकच प्रवाह वाहतो. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग हातोहात घागरी पोचवीत असावी आणि मधल्या एखाद्यानेच हात आखडता घ्यावा, तर सारी रांग खोळंबते. तसेच येथे होते. डोलकाठीची किंवा नुसत्या जाड दोराची सावली दोन-चार घटांवर पडली, तरी तावदानाचे उत्पन्न सावलीच्या मानाने कितीतरी अधिक घटते. अडलेल्या घटांना बाजूस टाकून प्रवाह पुढे नेणाऱ्या वाटा तावदानांत ठेवलेल्या असतात, त्यामुळे नुकसान काही अंशी कमी होते. पण टळत नाही. म्हणून तावदाने शक्यतो पिछाडीच्या उंच कमानीवर, शिडापासून दूर बसवितात, आणि एका मोठ्या तावदानापेक्षा दोन लहान तावदाने दोन बाजूंना ठेवणे पसंत करतात. नौका कोणत्याही अंगावर कललेली असली तरी एकाला तरी ऊन मिळते. दक्षिणेकडील महासागरात, जेथे दिवसचे दिवस आभाळ भरलेले असते आणि हिवाळ्यात सूर्य क्षितिजापासून फार वर येत नाही, तेथे सूर्याकडून ह्या पन्नासाचा लहानसा हिस्साही मिळणे कठीण.

मग वारा का वापरू नये? पिछाडीच्या खांबावर लहान पवनचक्की बसविलेल्या नौका दिसतात. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. ह्याचा आनंद मानावा, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी : वेग निम्मा झाला तर आठवा हिस्साच उरतो. मंद झुळकेत पाती गरगर फिरताना दिसतात, आणि मापकाचा काटा मात्र हलत नाही. आणखी एक गंमत अशी, की नौका वाऱ्याच्याच दिशेने धावू लागली की तिच्यावर वारा कमी जाणवतो. वारा ताशी सोळा सागरी मैलांचा आणि नौका सहा मैलांनी त्याच दिशेने चाललेली असेल, तर पवनचक्कीला मिळतात दहाच मैल. शक्ती उरते जवळजवळ चौथाई. नांगर टाकून उभ्या असलेल्या नौकेला ही चक्की फार उपयोगी. लांबच्या प्रवासात, पाठीमागून वारा घेत जाताना, तिचा भरवसा कमी.

अशा वेळी पाणी उपयोगी पडते, आणि मला स्वतःला ही युक्ती सर्वांत मनोहर वाटते. नौकेच्या मागे लांब दोर सोडावयाचा, त्याच्या टोकाला पंखा बांधावयाचा. नौका पुढे जाऊ लागली की पंखा पाण्यात फिरतो, दोराला पीळ देतो, आणि तो फिरता दोर नौकेवरील जनित्राला फिरवितो. रात्र असो, आभाळ भरलेले असो, नौका चालते आहे तोवर वीज मिळते. अर्थात फुकट काहीच नाही. पंख्याच्या ओढीने नौकेचा वेग थोडा घटतो, आणि कधी कधी एखादा मोठा मासा त्या चकाकत्या पंख्यावर झडप घालतो. धावत्या नौकेवर तो वळवळणारा दोर ओढून घेणे हेही एक दिव्यच. त्यावर दर्यावर्द्यांनी काढलेली तोड साधी आहे. बाजूने चिरलेले एक नरसाळे दोरावर चढवून पाण्यात सोडतात. ते घसरत पंख्यापर्यंत जाऊन त्याला झाकते, पंखा फिरावयाचा थांबतो, आणि दोर मुकाट्याने हाती येतो.

जमेची बाजू अशी चार वाटांनी वाढविता येते. तथापि अनुभवी लोक पहिला विचार खर्चाचाच करतात. जुन्या पद्धतीचा, तारेच्या प्रकाशाचा दिवा डोलकाठीवर जळत असे, तेव्हा रात्रीला वीस-बावीस अँपिअर-तास लागत. आजचा दिवा तेच काम तिनात करतो. पण खरी मोठी बचत सुकाणूची. वाऱ्यावर चालणारे सुकाणू नावाची एक योजना आहे. नौकेच्या पिछाडीस एक उभे पाते असते. नौका ठरलेली दिशा सोडून वळू लागली की वारा त्या पात्याला कलविते. कललेले पाते दांड्या व दोर यांच्या द्वारे सुकाणू फिरविते आणि नौका पुन्हा वाटेवर येते. ह्यात विजेचा थेंबही खर्ची पडत नाही. 'सुहेली'वर असलेली योजना प्रवासात मोडून गेली. तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी पुढची आणि मागची शिडे अशी तोलून बांधली की नौका आपली आपणच सरळ चालू लागली.

जमा आणि खर्च दोन्ही नीट असूनही कधी कधी शिल्लक जुळत नाही. तेव्हा गळती शोधावी लागते. समुद्रावरची हवा खारट व दमट असते. उघड्या तांब्यावर ती हिरवी पुटे चढविते, सांधे कळकतात, आणि दिव्यापर्यंत पोचण्यापूर्वीच वीज सांध्यांत उष्णता होऊन नाहीशी होते. म्हणून नौकेवर कल्हई केलेली तांब्याची तार वापरतात आणि ती जरुरीपेक्षा जाडच घेतात, कारण बारा व्होल्टच्या मंडलात दोन व्होल्ट वाटेत हरवले तर उरते काय? तसेच इंजिन सुरू करण्याची बॅटरी ही नेहमी वेगळी ठेवतात. दिव्यांनी आणि यंत्रांनी घरातली बॅटरी रिती केली, तरी ह्या दुसरीला हात लागता कामा नये; एरव्ही बॅटरी भरण्यासाठी इंजिन सुरू करावयाचे आणि इंजिन सुरू करण्यासाठी बॅटरीच नाही, असा पेच पडतो.

बॅटरीची जागाही विचाराने निवडावी लागते. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो कोंडला आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून त्या कप्प्याला हवेची वाट असते. ती वजनदार असल्याने तळाशी ठेवणे सोयीचे. पण अगदी तळाशी नको, कारण आत शिरलेले समुद्राचे पाणी बॅटरीपर्यंत पोचले, तर मिठातील क्लोरीन हा विषारी वायू मोकळा होतो. आणि नौका उलटी झाली तरी ती जागेवरून हलणार नाही इतक्या बळकट पट्ट्यांनी ती आवळलेली असली पाहिजे.

अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्या नौकांवर आल्या आहेत. त्या वजनाने निम्म्याहून हलक्या असतात, त्यांतील ऐंशी टक्के वीज बिनघोर वापरता येते, आणि शेवटपर्यंत त्या भराभर भरतात. अर्धवट भरलेल्या ठेवल्या तरी रुसत नाहीत. मात्र त्यांची किंमत अधिक, त्यांवर सतत पाळत ठेवणारे मंडल आवश्यक, आणि पाणी गोठेल इतक्या थंडीत त्या भरल्या तर बिघडतात.

आपल्या देशातील दर्यावर्द्यांनीही हा जमाखर्च महासागरांवर निभावून दाखविला आहे. नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' ह्या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली आणि १९ मे २०१० रोजी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. वाटेत त्यांनी चार बंदरे घेतली. बंदरात दुरुस्ती करता येते आणि किनाऱ्याची तार जोडता येते. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले ते ३१ मार्च २०१३ रोजी, मध्ये कोठेही न थांबता, परतले. पाच महिने त्यांच्या नौकेला किनाऱ्याची तार नव्हती.

टॉमी यांनीच पुढे २०१८ मध्ये 'सुहेली'च्या आराखड्यावर गोव्यात बांधलेली 'तूरिया' ही नौका घेऊन एका जागतिक शर्यतीत भाग घेतला. १९६८ च्या प्रवासात होती तशीच साधने वापरावयाची, असा त्या शर्यतीचा नियम होता. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, प्रचंड वादळाने नौका उलथून टाकली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली आणि त्यांना उठताही येईना. अशा स्थितीत उपग्रहामार्फत छोटे संदेश पाठविणाऱ्या एका लहानशा यंत्रावरून त्यांनी आपली अवस्था कळविली. भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांची नौका शोधून काढली, आणि २४ सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' ह्या फ्रेंच जहाजाने त्यांना सुखरूप उचलून घेतले. १९६८ मध्ये 'सुहेली' मुकी झाली तेव्हा तिच्यावर असे दुसरे तोंड नव्हते.

असल्या हातातील यंत्रांना स्वतःची इवलीशी बॅटरी असते. परंतु ती भरली जाते ती नौकेच्या मोठ्या बॅटरीतूनच. म्हणून जाणता दर्यावर्दी वादळाची चिन्हे दिसताच शिडे आखडण्याबरोबर आणखी एक काम करतो. हातातील सारी यंत्रे तो पूर्ण भरून घेतो आणि जलाभेद्य पिशवीत घालून हाताशी ठेवतो. एका यंत्राला मात्र तो ह्या जमाखर्चाबाहेर ठेवतो. संकटाची हाक उपग्रहापर्यंत पोचविणारा बिनतारी संकेतक पुष्कळ नौकांवर कोपऱ्यात टांगलेला असतो. त्याची बॅटरी पुन्हा भरावयाची नसते व इतर कशासाठी वापरावयाचीही नसते. एकदा चालू केल्यावर ती निदान ४८ तास हाक देत राहिली पाहिजे. तिच्यावर एक तारीख छापलेली असते. संकेतक एकदाही वापरला गेला नसला, तरी ती तारीख येताच बॅटरी काढून नवी बसवितात.